दहावीच्या निकालाआधी घरातली ट्रंक उघडा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गातला एक मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला. वडील आठवडे बाजारात फळांचा गाडा लावतात. पोराला पंखा, मोटार, मिक्सर उघडून दुरुस्त करायचा लहानपणापासून नाद. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा हे त्याने आठवीतच ठरवले होते.

बागवान बिरादरी ओबीसीत येते, हे घरात सर्वांना माहीत होते. पण शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुस्लिम' लिहिलेले. वडिलांच्या दाखल्यावर 'मुसलमान'. पुरावा शोधेपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या. खुल्या गटातून सरकारी पॉलिटेक्निकला नंबर लागला नाही आणि खासगी कॉलेजची पूर्ण फी परवडली नाही. तो वर्षभर गाड्यावर बसला.

त्याचे अब्बा मला म्हणाले, "बाजी, आमच्या नशिबात नव्हते." मला रात्री झोप आली नाही. नशिबाला कशाला बोल लावायचा? नववी-दहावी अशी दोन वर्षे तो माझ्यासमोर बसत होता. मी त्याला निबंध शिकवला, पत्रलेखन शिकवले, पण "तुझा जातीचा दाखला काढला का?" हे एकदाही विचारले नाही.

आजोबांची नोंद

शेवटी त्याच्या आजोबांच्या गावच्या जुन्या शाळेत आम्ही गेलो. जनरल रजिस्टरमध्ये 1956 सालची नोंद सापडली. उर्दूत लिहिलेली होती, आणि शब्द होता 'बागबान'. तिचा प्रवेश निर्गम उतारा घेतला आणि काम झाले. पुढच्या वर्षी त्याच गुणांवर त्याला प्रवेश मिळाला. एक वर्ष मात्र गेले ते गेलेच.

म्हणून आता मी नववीच्या पालक सभेत करिअरची गोष्ट कागदपत्रांपासून सुरू करते. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन, मण्यार, कुरेशी अशा अनेक बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. नुसत्या आडनावावरून काही ठरत नाही. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा पाहिला जातो. आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांचा शाळेचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जुने खरेदीखत, काहीही उपयोगी पडू शकते. रक्ताच्या नात्यात कोणाला आधीच प्रमाणपत्र मिळाले असेल तर वाट सोपी होते.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, प्रांत कार्यालयाचे जातीचे प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर, हे सेतू केंद्रातून अर्ज करून मिळतात. बारावीनंतर इंजिनीअरिंग, फार्मसी किंवा मेडिकलच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्याचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच करावा. ज्यांची बिरादरी कोणत्याच राखीव यादीत नाही आणि घरचे उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, त्यांनी ईडब्ल्यूएसच्या प्रमाणपत्राची चौकशी करावी. ते 10 टक्के आरक्षण आपल्यासाठीही आहे.

कोणता रस्ता कुठे जातो

दुसरी अडचण माहितीची. पालकांना सायन्स, कॉमर्स, आर्ट्स एवढेच तीन दरवाजे दिसतात. मार्क जास्त तर सायन्स, कमी तर आर्ट्स. मुलाला काय जमते, हे विचारायचे राहून जाते.

दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. नागापूर आणि सुप्याची एमआयडीसी आपल्याच जिल्ह्यात आहे. आयटीआय म्हणजे शिक्षण संपले असेही नाही. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमा झालेल्याला इंजिनीअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. शेतीची ओढ असेल तर राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ घराजवळ आहे.

आर्ट्सला कमी लेखू नका. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर करता येतो. एमपीएससी, यूपीएससीला कोणतीही पदवी चालते. सी.ए. फाउंडेशनला कॉमर्सचीच अट नाही. मात्र सायन्स घेताना गणित सोडले तर इंजिनीअरिंगचा रस्ता बंद होतो, हे अकरावीचा फॉर्म भरण्याआधी मुलाला समजावून सांगा.

उर्दू शाळेतून आलेल्यांसाठी

उर्दू माध्यमातली हुशार मुले अकरावी सायन्सला गेली की पहिल्या चाचणीत घाबरतात. विषय त्यांना येत असतो, शब्द अनोळखी असतात. 'कुव्वत' म्हणजे फोर्स, 'बर्की रौ' म्हणजे करंट, 'खलिया' म्हणजे सेल. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत एका वहीत अशा शब्दांच्या जोड्या लिहून काढल्या तर निम्मी भीती जाते. नीटची प्रश्नपत्रिका मराठी आणि उर्दूतही घेता येते.

मुलींच्या बाबतीत

"मुलीला लांब कशाला पाठवायचे?" हा प्रश्न काळजीपोटी येतो, मला तो समजतो. पण निदान पैशाचे कारण आता पुढे करू नका. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये घेतला आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. एनडीएची परीक्षाही 2021 पासून मुलींना खुली झाली आहे.

ज्या नगरच्या किल्ल्यासाठी चांदबीबी लढली, त्याच किल्ल्यात मौलाना आझाद 1942 पासून जवळजवळ तीन वर्षे कैदेत होते. पुढे तेच देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. आपण मुलांना किल्ला दाखवायला नेतो तेव्हा ही गोष्टही सांगावी.

त्या मुलाची धाकटी बहीण यंदा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला लागली. तिचे सगळे दाखले नववीतच तयार होते. भावाच्या प्रमाणपत्रामुळे तिला धावपळ करावी लागली नाही. तिचे अब्बा पेढे घेऊन शाळेत आले तेव्हा म्हणाले, "बाजी, आता मोहल्ल्यात लोक मलाच विचारायला येतात."

तुमच्या घरात आठवी-नववीचे मूल असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत दोन कामे करा. एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसून त्याला काय करावेसे वाटते ते मधे न बोलता ऐका. दुसऱ्या दिवशी जुनी ट्रंक उघडा आणि आजोबांचे कागद शोधा. कागद सापडला नाही तर त्यांच्या गावच्या शाळेत जा. रजिस्टर उर्दूत किंवा मोडीत असेल तर वाचणाऱ्याला बरोबर न्या. आमच्यासारखे शिक्षक त्यासाठीच आहेत.