मर्यादित निधीत मिक्सरची निवड

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना मस्तानीच्या समाधीमुळे, तर शिक्षणक्षेत्रातील मंडळींना विज्ञान आश्रमामुळे परिचित आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये येथे हा आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत विज्ञान शिकावे, हे त्यामागील सूत्र. आश्रमाच्या शिक्षणक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे चार विभाग असून तो पुढे राज्यातील अनेक शाळांत पोहोचला. यंत्र वापरणाऱ्याला त्याची रचना ठाऊक असावी, ही दृष्टी अशा शिक्षणातून येते. गावाच्या दैनंदिन व्यवहारातील लहानशा खरेदीलाही ती लावून पाहण्याजोगी आहे. अशीच एक खरेदी म्हणजे ध्वनियंत्रणेचा मिक्सर.

मिक्सर म्हटले की प्रथम चटणी वाटण्याचे यंत्र डोळ्यांपुढे येते. परंतु जत्रा, गणेशोत्सव, शाळेचे स्नेहसंमेलन, ग्रामसभा आणि भजन या सर्व प्रसंगी लागणारा मिक्सर वेगळा. तरुण मंडळे त्याला ‘डीजे मिक्सर’ म्हणतात आणि वर्गणीतून किंवा बचतीतून तो घेऊ इच्छितात. पैसा थोडा, बाजारात नमुने अनेक आणि प्रत्येकाची जाहिरात आकर्षक. अशा वेळी चुकीचे यंत्र घरी आले, तर ते वर्षभर कपाटात पडून राहते आणि पुढल्या कार्यक्रमाला पुन्हा भाड्याचीच यंत्रणा आणावी लागते.

मिक्सरचे काम

माइक, मोबाइल, लॅपटॉप, हार्मोनियमपुढील माइक अशा निरनिराळ्या ठिकाणांहून येणारे विद्युत्-संकेत एकत्र करणे, त्यांचे प्रमाण ठरविणे आणि तो एकत्रित संकेत ॲम्प्लिफायरकडे पाठविणे, एवढे मिक्सरचे काम. आवाज मोठा करण्याचे काम ॲम्प्लिफायरचे व तो ऐकविण्याचे काम स्पीकरचे. हा भेद लक्षात न आल्याने ‘मोठा आवाज देणारा मिक्सर’ मागितला जातो आणि विक्रेता जे देईल ते स्वीकारावे लागते.

माइकचा संकेत काही मिलिव्होल्टांचा, तर मोबाइल किंवा लॅपटॉपचा त्याहून कितीतरी पट मोठा असतो. म्हणून माइकसाठी आणि गाण्यांसाठी मिक्सरवर वेगवेगळी प्रवेशस्थाने असतात. जुन्या तबकडीवादकासाठी तिसरे, ‘फोनो’ नावाचे प्रवेशस्थान असते. ज्यांना तबकड्या वाजवायच्याच नाहीत, त्यांनी केवळ या सोयीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दोन प्रकार

खरा डीजे मिक्सर एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात खंड न पडता जाण्यासाठी बनविलेला असतो. त्यावर क्रॉसफेडर नावाची आडवी सरकपट्टी असते. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेली की एक गाणे ओसरते व दुसरे चढते. शिवाय ‘क्यू’ या सोयीने पुढचे गाणे श्रोत्यांना न ऐकविता स्वतःच्या हेडफोनवर तपासता येते. मात्र लहान डीजे मिक्सरवर माइकची जागा बहुधा एक किंवा दोनच असते.

सभा-समारंभाच्या साध्या मिक्सरवर माइकच्या जागा अधिक असतात. क्रॉसफेडर नसला तरी दोन वाहिन्यांच्या पट्ट्या किंवा बटणे दोन्ही हातांनी फिरवून गाणी बदलता येतात. म्हणून ग्रामसभा, शाळा व भजन हा मुख्य उपयोग असेल, तर चार माइक आणि दोन गाण्यांच्या जागा असलेला साधा मिक्सर पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. नृत्यसंगीताचा व्यवसाय करू पाहणाऱ्या तरुणाने मात्र दोन वाहिन्यांचा, क्रॉसफेडर व क्यू असलेला, प्रत्येक वाहिनीवर खर्ज, मध्य व तार स्वरांचे वेगळे नियंत्रण देणारा मिक्सर घ्यावा. चार वाहिन्यांचा मोह आरंभी टाळावा.

अलीकडे ‘कंट्रोलर’ही मिळतात. त्यात मिक्सर असतो, परंतु पुष्कळ नमुने लॅपटॉप व संगणकप्रणालीवाचून चालत नाहीत. लॅपटॉपची किंमत हिशेबात धरली आहे काय, प्रणालीचा परवाना सोबत मिळतो काय आणि संगणक बंद पडला तरी माइक चालू राहतो काय, हे तीन प्रश्न विचारूनच त्याकडे वळावे.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या बाबी

पहिली बाब जोडण्यांची. माइकसाठी तीन पिनांची एक्सएलआर जोडणी असावी. तिच्यातील संतुलित तारेमुळे लांब अंतरावरही गुणगुण कमी येते. ॲम्प्लिफायरकडे जाणारी जोडणीही याच प्रकारची असल्यास उत्तम.

दुसरी बाब संकेतदर्शक दिव्यांची. हिरवा, पिवळा व लाल अशी दिव्यांची ओळ असलेला मिक्सर नवख्या चालकालाही सावध करतो. लाल दिवा वारंवार लागणे म्हणजे ध्वनिलहरींचे माथे छाटले जाणे. आवाज फाटतो, आणि अशा संकेताने ॲम्प्लिफायरवर फार ताण आल्यास स्पीकरमधील तार स्वरांचा भाग जळू शकतो. मिक्सरवर वाचविलेले पैसे मग स्पीकरच्या दुरुस्तीत जातात.

तिसरी बाब झीज. सरकपट्ट्यांत धूळ शिरली की खरखर सुरू होते. पाबळसारख्या कोरड्या, अवर्षणप्रवण भागात हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. सरकपट्टी बदलून मिळते काय आणि दुरुस्ती शिरूर, राजगुरुनगर किंवा पुणे येथे होते काय, याची चौकशी आधी करावी. वीजपुरवठ्याचा अडॅप्टर बाहेरचा व निराळ्याच धाटणीचा असेल, तर तो हरवल्यास संपूर्ण यंत्र निरुपयोगी होते. साधी, सहज मिळणारी जोडणी पसंत करावी.

प्रतिध्वनीचे नाना प्रकार, रंगीत दिवे, ब्ल्यूटूथ या सोयी शेवटी पाहाव्यात. प्रतिध्वनी जास्त झाला की भाषणातील शब्द कळेनासे होतात.

जुना मिक्सर घेताना तो अर्धा तास चालू ठेवावा. प्रत्येक पट्टी व बटण फिरवून खरखर ऐकावी, प्रत्येक वाहिनीची डावी-उजवी बाजू व हेडफोन तपासावा, काहीही वाजत नसताना गुणगुण येते काय ते पाहावे. यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेली पावती घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

पैसा कोठे लावावा

सर्व रक्कम मिक्सरवर खर्च करणे योग्य नव्हे. चांगला माइक, मजबूत तारा, धुळीपासून बचावाचे आच्छादन आणि दुरुस्तीची शिल्लक यांसाठी पैसा आधी बाजूला काढावा. शक्य तर निवडलेल्या प्रकारचा मिक्सर दोन कार्यक्रमांना भाड्याने आणून पाहावा. त्यातून किती माइक खरोखर लागतात, ते कागदावरील अंदाजापेक्षा नेमके कळते.

अधिक शक्तीच्या ॲम्प्लिफायरमागे धावण्यातही लाभ थोडाच. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. उलट मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. स्पीकरपासून ५ मीटरवर ९० डेसिबल असलेला आवाज २० मीटरवर सुमारे ७८ राहतो. त्यामुळे पुढच्या रांगेच्या कानठळ्या बसविण्यापेक्षा मैदानाच्या मध्यावर दुसरा लहान स्पीकर ठेवणे हिताचे. त्यासाठी मिक्सरला दुसरा निर्गम आहे काय, हे पाहावे.

कायद्याची मर्यादाही येथे येते. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून, रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांभोवतालच्या शांतता क्षेत्रात ती ५० व ४० आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीच्या मोजक्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्य शासन देऊ शकते. ज्याचा मिक्सर हाती आहे, त्याच्याच बोटांवर हे पालन अवलंबून असते.

सुरक्षितता

गुणगुण थांबविण्यासाठी प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन काढून टाकण्याची युक्ती कोणी सुचविली तर ती कदापि मानू नये. यंत्रात वीज उतरल्यास माइक धरलेल्या गायकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या हातून ती जमिनीकडे वाट शोधते. मांडवातील वीजजोडणीला ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी बसवावे. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी.

पंचायतीचे व शाळेचे कर्तव्य

पंचायत किंवा शाळा खरेदी करीत असेल, तर मागणीपत्रात ‘डीजे मिक्सर, एक नग’ एवढेच लिहून चालणार नाही. माइकच्या व गाण्यांच्या जागा किती, जोडणी कोणत्या प्रकारची, निर्गम किती, वीजपुरवठा २३० व्होल्ट, हमीचा कालावधी व दुरुस्तीचे ठिकाण, हे सर्व त्यात नमूद करावे. तसे केले तरच आलेल्या दरपत्रकांची तुलना होऊ शकते. अन्यथा सर्वांत कमी दराचे दरपत्रक सर्वांत कमी उपयोगाच्या यंत्राचे असण्याचा संभव राहतो.

शाळा, तरुण मंडळ, बचत गट व भजनी मंडळ यांनी मिळून एकच मिक्सर घेतल्यास प्रत्येकाचा भार हलका होतो. वापराची नोंदवही ठेवावी आणि दोन मुले व दोन मुली यांना यंत्र जोडण्यास, चालविण्यास व पुसून ठेवण्यास शिकवावे. विजेच्या धड्यात वाचलेले व्होल्ट व ॲम्पिअर त्यांना तेथे प्रत्यक्ष हाताळता येतील. ग्रामसभेत मागच्या रांगेत बसलेल्या वृद्धेला ठरावाचा शब्द न् शब्द ऐकू आला, तर तो मिक्सर योग्य निवडला गेला असे समजावे.