स्प्रिंग : एक शब्द, अर्थ अनेक

स्प्रिंग हा शब्द आपल्या गावात कोणाला ठाऊक नाही? बॅटरीचे झाकण उघडले की आत स्प्रिंग दिसते. उंदराच्या पिंजऱ्याला स्प्रिंग असते. सायकलच्या सीटखाली दोन स्प्रिंगा असतात. लिहायच्या पेनातसुद्धा एक बारीकशी स्प्रिंग असते. ती हरवली की पेन बाद! शाळेचे तोंड न पाहिलेली म्हातारी माणसेही ‘स्प्रिंग तुटली’ असेच म्हणतात.

पण हा शब्द आपला नव्हे. तो इंग्रजी आहे. आणि इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ वेटोळी तार असा नाहीच. मूळ अर्थ आहे उडी मारणे, एकदम उसळून वर येणे. बेडूक बसल्या जागेवरून टुणकन उडी मारतो ना, तसे. बिबट्या गवतातून झेप घेतो, तसे.

आता तुम्ही म्हणाल, तार कुठे उडी मारते? दाबून बघा की. पेनातली स्प्रिंग दोन बोटांत दाबा आणि एकदम सोडा. कुठल्या कुठे उडून जाईल. मग बसा खाटेखाली शोधत! ती उसळते, म्हणून तिला उसळी हे नाव मिळाले.

उसळणाऱ्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. त्यामुळे इंग्रजीत या एका शब्दाचे अर्थही पुष्कळ झाले. डोंगरातला झरा म्हणजे स्प्रिंग. वसंत ऋतू म्हणजेही स्प्रिंग. समुद्राला उधाण येते, तिथेही हाच शब्द लागतो. नवशिका माणूस इंग्रजी वाचताना इथे हमखास अडखळतो.

त्यात नवल नाही. आपल्या भाषेत काय असे शब्द कमी आहेत? ‘कळ’ हा शब्द घ्या. कळ दाबली की दिवा लागतो. पोटात कळ आली की माणूस कळवळतो. कोणी दोन घरांत कळ लावून देतो. आणि दुखणेकऱ्याला आपण सांगतो, ‘बाबा, थोडी कळ सोस.’ शब्द एकच. पण दिव्याची कळ आणि पोटातली कळ यांत आपला कधी घोटाळा होतो का? होत नाही. कारण आपण शेजारचा शब्द ऐकतो. ‘दाबली’ म्हटले की एक अर्थ, ‘आली’ म्हटले की दुसरा. वाचतानाही तेच करायचे. एकटा शब्द धरून बसायचे नाही. त्याच्या आजूबाजूला कोण बसले आहे ते पाहायचे.

आधी झऱ्याचे पाहू. पाणी जमिनीच्या पोटातून आपोआप वर उसळते. म्हणून तेही स्प्रिंग. आपला सह्याद्री काळ्या खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस बाहेर आला. तो थंड झाला आणि त्याचे थरावर थर बसले. काही थर भेगाळलेले आहेत, काही अगदी घट्ट. पावसाचे पाणी माळावर मुरते आणि भेगांतून खाली उतरते. खाली घट्ट थर लागला की त्याची वाट बंद होते. मग ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडते. तोच आपला झरा. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाण्याच्या पाच धारा दाखवतात. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशी त्यांची नावे. एवढी मोठी कृष्णा नदी, पण तिचा उगम अशा झऱ्यात आहे.

काही ठिकाणी हे पाणी फार खोलवरून येते. तिथे जमीन तापलेली असते, म्हणून पाणीही कढत असते. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरीला आणि रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवऱ्याला अशी उन्हाळी आहेत. लोक तिथे आंघोळीला जातात.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. पुष्कळदा झरा आटला की लोक झऱ्याचे तोंड खणतात. पण तोंडाशी पाणी नसतेच. ते वरच्या माळावर मुरलेले असते. वरची झाडी गेली, पाणी मुरायचे थांबले, तर खाली कितीही खणले तरी झरा कुठून उसळणार?

आता ऋतू. इंग्रज लोकांच्या मुलखात थंडी फार कडक. झाडांची पाने झडून जातात, नुसते खराटे उभे राहतात. मग मार्च महिना आला की बोडक्या फांद्यांना कोंब फुटतात. पूर्वी ते या दिवसांना लेंट म्हणत. दिवस लांब होऊ लागतात, त्यावरून ते नाव पडले होते. पुढे ते नाव फक्त त्यांच्या ईस्टर सणाच्या आधीच्या उपासांना राहिले. ऋतूला लोक ‘पालवी उसळण्याचे दिवस’ असे म्हणू लागले. बोलता बोलता पालवी गळाली आणि नुसती उसळी राहिली! अमेरिकेतले लोक पानगळीच्या ऋतूलाही असेच नुसते ‘पडणे’ म्हणतात.

त्यांचा हा ऋतू मार्च ते मे असा असतो. आपला वसंत चैत्र-वैशाखात. म्हणजे दिवस साधारण तेच. पण आपल्याकडे तेव्हा ऊन मी म्हणत असते आणि पांगारा लाल झालेला असतो. त्यांच्याकडे अंगातला लोकरी कपडा नुकता कुठे उतरलेला असतो. ऑस्ट्रेलियात तर हा ऋतू सप्टेंबरात सुरू होतो, कारण तो देश पृथ्वीच्या खालच्या अंगाला आहे. गावचा कोणी मुलगा तिकडे नोकरीला असला आणि गणपतीच्या दिवसांत ‘इथे स्प्रिंग लागला’ असे त्याने कळवले, तर तो थट्टा करीत नाही बरं का.

किनाऱ्यावरच्या मंडळींनी मात्र पुढचा अर्थ नीट ध्यानात ठेवावा. भरतीच्या इंग्रजी तक्त्यात ‘स्प्रिंग टाइड’ असे शब्द येतात. टाइड म्हणजे भरती-ओहोटी. कोणी अर्धवट शिकलेला सांगेल, ही वसंतातली भरती, अजून पुष्कळ महिने आहेत. तसे नाही. ही आपली उधाणाची भरती. ती अमावास्येला आणि पौर्णिमेला येते, म्हणजे दर पंधरवड्याला. त्या दिवशी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात. सूर्य आणि चंद्र यांची ओढ एक होते आणि पाणी जास्त उसळते. पुष्कळदा सर्वांत मोठी भरती त्यानंतर एकदोन दिवसांनी दिसते. अष्टमीच्या सुमारास ही ओढ एकमेकींना आडवी जाते, तेव्हा भांगाची भरती येते. ती लहान असते. कोळी बांधवांना हे कोणी शिकवायला नको. पण होडी किती वर ओढून ठेवायची ते या दोन शब्दांवर ठरत असेल, तर तिथे चुकून चालत नाही.

आता वळू आपल्या लोखंडी स्प्रिंगेकडे. माझ्या मते या शब्दाचा सर्वांत कामाचा अर्थ हाच.

मालट्रकच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. आपण त्यांना पाटे म्हणतो. त्याही स्प्रिंगच. खड्डा आला की त्या वाकतात आणि पुन्हा उसळतात, म्हणून माल आणि माणसे जागेवर राहतात. किल्लीच्या घड्याळात पोलादाची पट्टी गुंडाळलेली असते. आपण किल्ली देतो म्हणजे ती आवळतो. ती हळूहळू सुटते आणि काटे फिरतात. म्हणजे आपल्या हाताची शक्तीच तिने दिवसभर पुरवून वापरली!

इंग्लंडात रॉबर्ट हूक नावाचा एक विद्वान होऊन गेला. त्याचा जन्म १६३५ सालचा. दुर्बिणीसारखी भिंगे लावून बारीक वस्तू पाहण्याचा त्याला नाद होता. बुचाच्या झाडाच्या सालीत त्याला चिमुकल्या खोल्या दिसल्या. त्यांना त्याने ‘सेल’ असे नाव दिले. आपल्या बॅटरीत घालतो तोही सेलच म्हणायचा, आणि तुरुंगातली कोठडीही सेलच. हाही असाच अनेक अर्थांचा शब्द. असो.

या हूकने स्प्रिंगेला वजने टांगून पाहिली. त्याला एक नियम सापडला. दुसऱ्या कोणी तो आपल्या नावावर खपवू नये, म्हणून १६७६ साली त्याने नियमाची अक्षरे सुटी करून, क्रमाने लावून छापली. वाचणाऱ्याला काही उमगेना. दोन वर्षांनी, १६७८ साली, त्याने स्वतःच ते कोडे सोडवले. नियम अगदी साधा होता. जेवढा जोर, तेवढा ताण. एक किलो टांगले आणि स्प्रिंग एक बोट लांबली, तर दोन किलोंना ती दोन बोटे लांबणार, तीन किलोंना तीन.

मग काय? शेजारी पट्टी लावा, तिच्यावर खुणा करा, झाला वजनाचा काटा. दुसऱ्या पारड्यात मापे टाकायला नकोत. पुस्तकात याला तानकाटा म्हणतात. हमालाच्या हाती असतो, भंगारवाल्याच्या हाती असतो, मासळीवाल्याकडेही असतो.

पण हूकच्या नियमाला एक हद्द आहे. काट्यावर २५ किलो लिहिले असेल आणि तुम्ही ४० किलोंचे पोते टांगले, तर स्प्रिंग नको तेवढी ताणली जाते. मग ती पहिल्या जागी परत येत नाही. तिची उसळी मेली असे समजा. पोते काढले तरी काटा शून्यावर जात नाही. रिकामाच काटा अर्धा किलो दाखवू लागतो. अशा काट्यावर माल घेणाऱ्याचे अर्धा किलोचे नुकसान होते. उलट काटा शून्याच्या मागे ठेवलेला असेल, तर माल विकणारा शेतकरी बुडतो. म्हणून पोते टांगण्याआधी रिकामा काटा पाहावा. त्यावर सरकारी तपासणीचा शिक्का आहे का तेही पाहावे. २००९ सालच्या वैधमापन कायद्याप्रमाणे व्यापारातल्या काट्याची मुदतीने तपासणी व्हावी लागते. फसवणूक झाली तर वैधमापन खात्याच्या कार्यालयात तक्रार करता येते.

पैशाचे नुकसान एक वेळ भरून निघते. पण हाच काटा मुलांसाठीही वापरतात. अंगणवाड्या १९७५ साली सुरू झाल्या. तिथे दर महिन्याला मुलांचे वजन करतात. आशाताई घरी येऊन तान्ह्या बाळाला झोळीत घालून तोलतात. आता पुष्कळ ठिकाणी आकडे उमटणारे विजेरी काटे आले आहेत. तरी स्प्रिंगेचे काटे अजून दिसतात.

समजा, एका वर्षाचा मुलगा आहे. त्याचे खरे वजन साडेसात किलो. या वयाच्या मुलाचे वजन ७ किलो ७०० ग्रॅमच्या खाली असले, तर ते कमी धरतात. तक्त्यावर त्याचे टिंब पिवळ्या पट्ट्यात पडते. मग त्याच्याकडे जास्त लक्ष देतात, आहार वाढवतात. पण झोळी ३०० ग्रॅमची असली आणि ती वजा केलीच नाही, तर? काटा ७ किलो ८०० ग्रॅम दाखवणार. टिंब हिरव्या पट्ट्यात. ‘मूल छान आहे’ म्हणून सगळे घरी जाणार, आणि ते लेकरू तसेच खंगत राहणार. स्प्रिंग ढिली पडली असेल तरी असेच होते. ढिली स्प्रिंग जास्त ताणते, म्हणून वजन जास्त दाखवते.

काटा खरा आहे की नाही हे घरच्या घरी कळते. मिठाची न फोडलेली एक किलोची पिशवी टांगा. काटा एकावर थांबला पाहिजे. दोन पिशव्या टांगा, दोनावर थांबला पाहिजे. मुलाचे वजन करताना ते हातपाय झाडत असेल तर काटा नाचतो. तो थांबेपर्यंत थांबावे. काटा डोळ्यासमोर धरून वाचावा. खालून किंवा वरून पाहिले तर आकडा चुकतो.

मुलाच्या आईने किंवा आजीने विचारायला काही हरकत नाही. ‘ताई, आधी रिकामी झोळी टांगून दाखवा.’ चांगली सेविका रागावत नाही. ती रिकामी झोळी आकड्याला अडकवते, काट्याचा स्क्रू फिरवते, काटा बरोबर शून्यावर आणते, आणि मग म्हणते, ‘हं, आता ठेवा बाळाला.’