ऊब किती, युनिट किती?

भिलाईतली थंडी आणि विजेचं बिल

- हंगाम : डिसेंबर-जानेवारी. पहाटे पारा साधारण १० ते १३ अंश, दुपारी २५च्या आसपास. त्यामुळे खरा खर्च आंघोळीच्या पाण्याचा.
- युनिट : १००० वॅटचं उपकरण १ तास चाललं की १ युनिट.
- गिझर : बहुधा २००० वॅट. १५ लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला सुमारे अर्धा युनिट, म्हणजे साधारण पाव तास. नंतरही बटण चालूच ठेवलं, तर टाकीतून निसटणारी उष्णता भरून काढण्यात वीज जाते.
- रूम हीटर : कॉइलचा, पंख्याचा, तेलाचा, १ युनिटमागे तिन्हींची उष्णता सारखीच. तेलाचा बंद केल्यावरही काही वेळ गरम राहतो, इतकंच. हॉट-अँड-कोल्ड एसी मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. त्यामुळे १ युनिट विजेत साधारण ३ युनिट ऊब.
- गोरसी : छत्तीसगडी घरांतली मातीची शेगडी. गोवऱ्या किंवा कोळशावर पेटते, वीज लागत नाही. बंद खोलीत मात्र जिवावर बेतते : कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. जागा अंगणात, किंवा दार-खिडकी उघडी ठेवून, झोपण्यापूर्वी बाहेर.