कथेतील निवेदनदृष्टी

कथेतील निवेदनदृष्टी म्हणजे कथेतील घटना कोणाच्या नजरेतून पाहिल्या जातात आणि कोणाच्या तोंडून सांगितल्या जातात, याविषयी लेखकाने केलेली निवड होय. तिला निवेदकाचा दृष्टिकोन असेही म्हटले जाते. वाचकाला काय कळावे, केव्हा कळावे आणि काय अखेरपर्यंत कळू नये, हे या निवडीवर अवलंबून असते. लघुकथेचा विस्तार मर्यादित असल्यामुळे तिच्यात निवेदनदृष्टीचा परिणाम विशेष तीव्रतेने जाणवतो.

संकल्पना

निवेदक आणि लेखक एकच नसतात. निवेदक हीसुद्धा लेखकाने घडविलेली एक भूमिका असते. फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ साली ‘कोण पाहतो’ आणि ‘कोण बोलतो’ हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे केले. कथा सांगणारा आवाज प्रौढाचा असूनही तिच्यातील जग लहान मुलाच्या नजरेतून दिसू शकते. त्यामुळे ‘मी’ किंवा ‘तो’ या सर्वनामांवरून निवेदनदृष्टीची पुरती ओळख पटत नाही.

मुख्य प्रकार

* प्रथमपुरुषी निवेदन : कथेतील पात्रच ‘मी’ म्हणून बोलते. हा ‘मी’ कधी कथेचा नायक असतो, तर कधी केवळ साक्षीदार. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या व्यक्तिचित्रांतील ‘मी’ प्रामुख्याने साक्षीदार आहे.
* सर्वसाक्षी निवेदन : निवेदक कथेबाहेर असतो आणि कोणत्याही पात्राच्या मनात प्रवेश करू शकतो.
* मर्यादित तृतीयपुरुषी निवेदन : निवेदक कथेबाहेर असला, तरी एकाच पात्राच्या अनुभवाशी बांधलेला असतो.
* वस्तुनिष्ठ निवेदन : केवळ दिसणारे व ऐकू येणारे नोंदविले जाते, पात्रांचे विचार जवळजवळ सांगितले जात नाहीत.

कथेच्या परिणामाशी संबंध

अंतोन चेखव यांच्या ‘वांका’ (१८८६) या कथेत चांभाराकडे उमेदवारी करणारा नऊ वर्षांचा मुलगा नाताळच्या आदल्या रात्री आजोबांना पत्र लिहितो. मला येथून घेऊन जा, अशी त्याची विनवणी असते. पाकिटावर मात्र तो गावी राहणाऱ्या आजोबांना, असा पत्ता घालतो. पत्र पोहोचणार नाही हे वाचकाला उमगते, मुलाला उमगत नाही. निवेदक त्यावर एका शब्दानेही भाष्य करत नाही. मुलाच्या आशेत आणि वाचकाच्या जाणिवेत पडलेल्या या अंतरातून कथेतील करुणा निर्माण होते.

विल्यम फॉकनर यांच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ (१९३०) या कथेचा निवेदक ‘आम्ही’ आहे, म्हणजे संपूर्ण गाव. गावाला एमिलीने आर्सेनिक विकत घेतल्याचे आणि तिच्या घराभोवती दुर्गंधी पसरल्याचे ठाऊक असते. घराच्या आत काय घडले, ते ठाऊक नसते. तिच्या मृत्यूनंतर बंद खोली उघडली जाते, तेव्हा वाचकाला धक्का बसतो. त्याबरोबरच आयुष्यभर तिच्याविषयी बोलत राहिलेल्या आणि तिला कधीच न ओळखलेल्या गावाचेही दर्शन घडते.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’ (१९२७) मध्ये स्पेनमधील एका रेल्वे स्थानकावर बसलेल्या जोडप्याचा संवाद आहे. त्यांच्या वादाचा विषय गर्भपात असला, तरी तो शब्द कथेत कोठेही येत नाही. निवेदक मनातले सांगत नसल्याने ते ओळखण्याचे काम वाचकावर येते.

अविश्वसनीय निवेदक

निवेदकाच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा त्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांच्या १९६१ सालच्या ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथामुळे रूढ झाली. तंत्र मात्र त्याहून जुने आहे. एडगर अ‍ॅलन पो यांच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) मधील खुनी निवेदक आपण शहाणे असल्याचे पुनःपुन्हा बजावतो आणि त्यामुळेच वाचकाचा संशय बळावतो.

जपानी लेखक र्युनोसुके अकुतागावा यांच्या ‘यबु नो नाका’ (१९२२) या कथेत एका सामुराईच्या मृत्यूविषयी सात जबान्या आहेत. दरोडेखोर म्हणतो, मी त्याला मारले. पत्नी म्हणते, मी मारले. मृत सामुराई माध्यमामार्फत सांगतो, मी आत्महत्या केली. तिघेही मृत्यूचे कर्तेपण स्वतःकडे घेतात आणि निवाडा करणारा निवेदक कथेत नाही. अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ (१९५०) या चित्रपटाचे मुख्य कथानक याच कथेवर आधारलेले आहे.

मराठी साहित्यात

‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत हरि नारायण आपटे यांनी यमू या स्त्रीला स्वतःची कहाणी सांगू दिली. स्त्रीजीवनातील दुःख सुधारकाच्या भाष्याऐवजी भोगणारीच्या शब्दांत आल्याने कादंबरीला आत्मचरित्राची धार आली.

बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी आलेला दलित तरुण स्वतःची जात लपवून राहतो. अखेरीस ती उघड होते आणि त्याला मारहाण होते. हीच कथा एखाद्या सहकाऱ्याच्या नजरेतून सांगितली असती, तर जातीचा उलगडा हा शेवटचा धक्का ठरला असता. ‘मी’च्या निवेदनामुळे वाचक प्रारंभापासून गुपितात सामील असतो. त्यामुळे इतरांनी दाखविलेला आदर आणि आपुलकीदेखील त्याला भयावह वाटते. शीर्षकातील ‘चोरली’ या क्रियापदात समाजाचा आरोप निवेदकाच्याच तोंडी आला आहे. गुन्हा नेमका कोणाचा, हा प्रश्न त्यातून वाचकापुढे उभा राहतो.