मांजराला आडवे जाणारे गैरसमज

उन्हाळा लागला की मुंबई, ठाणे, पुण्यात मांजरीच्या पिल्लांचा हंगाम सुरू होतो. गाडीच्या बॉनेटखाली, मीटरच्या खोलीत, जिन्याखालच्या अडगळीत पिल्लं सापडतात आणि मांजरं सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचे फोन वाजू लागतात. फोन करणाऱ्याला वाटत असतं, की शहरात कुठेतरी मांजरांचं मोठं निवारागृह असेल, तिथे पिल्लू पोचवलं की झालं. अशी जागा बहुतेक शहरांत नाही. प्राण्यांची रुग्णालयं आहेत. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात, जुने मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात तिथे, आजही मांजरांवर उपचार होतात. काही संस्थांची छोटी केंद्रंही आहेत. पण उपचार संपल्यावर मांजर जातं कुठे? बहुतेक वेळा कुणाच्या तरी दोन खोल्यांच्या घरात, बाथरूममध्ये किंवा बंद केलेल्या बाल्कनीत, ‘फॉस्टर’ म्हणून. त्याला कायमचं घर मिळालं की ती जागा रिकामी होते आणि पुढचं मांजर घेता येतं. घर मिळालं नाही, तर पुढच्या फोनला नाही म्हणावं लागतं. म्हणून मांजर दत्तक घेण्याविषयीच्या चुकीच्या समजुती निरुपद्रवी नाहीत. त्यांच्यामुळे एक मांजर अडकून पडतं आणि दुसरं रस्त्यावर राहतं.

‘रस्त्यावरचं मांजर घरात रुळत नाही’

मांजराचं माणसाशी जमणार की नाही, हे त्याच्या जातीपेक्षा त्याच्या सुरुवातीच्या आठवड्यांवर जास्त अवलंबून असतं. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लाला माणसांचे हात, आवाज, घरातली वर्दळ यांची सवय होते, ते पुढे सहज माणसाळतं. फॉस्टर घरात वाढणाऱ्या पिल्लांना हेच मिळत असतं. मोठ्या मांजराच्या बाबतीत तर आणखी सोय आहे, कारण त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. मांडीवर बसणारं कोणतं, लहान मुलांना घाबरणारं कोणतं, कुत्र्याबरोबर राहू शकणारं कोणतं, हे फॉस्टर करणारी व्यक्ती नेमकं सांगू शकते. पिल्लाबद्दल असं काहीच ठामपणे सांगता येत नाही. तरीही लोक पिल्लू मागतात आणि तीन वर्षांचा शांत बोका महिनोन् महिने तिथेच राहतो. काळ्या मांजरांचंही तेच होतं. काळा रंग हा आनुवंशिक गुण आहे, त्यात शुभ-अशुभ काही नाही, यावर जास्त लिहिण्याची गरज नसावी.

नवं मांजर पहिले काही दिवस पलंगाखाली बसून राहिलं, जेवलं नाही, फिसकारलं, तर ‘हे आमच्याकडे रुळणार नाही’ म्हणून ते परत केलं जातं. खरं तर तेव्हा ते फक्त घाबरलेलं असतं. त्याला सुरुवातीला एकच खोली द्यावी. तिथेच पाणी, खाणं, लिटरचा ट्रे आणि लपायला खोका ठेवावा. ते आपणहून बाहेर येईपर्यंत ओढून काढू नये. मात्र मोठ्या मांजराने पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टरांना विचारावं, कारण उपाशी मांजराच्या यकृतावर लवकर परिणाम होतो.

दुकानातलं पर्शियन पिल्लू जास्त खात्रीचं, हाही असाच समज. चपट्या चेहऱ्याच्या मांजरांना श्वासाचा, दातांचा आणि सतत डोळे गळण्याचा त्रास होतो. पर्शियन मांजरांमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही आढळतो. २०१८च्या केंद्रीय नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. दुकानात जाणाऱ्याने निदान एवढं तरी विचारावं.

‘मांजर घरावर जीव लावतं, माणसावर नाही’

‘श्यामची आई’ वाचलेल्यांना आईपाठोपाठ जीव सोडणारी मथी मांजर आठवत असेल. पण हा प्रश्न आता नुसता आठवणींचा राहिलेला नाही. २०१९मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले यांनी एक प्रयोग केला. मांजराला अनोळखी खोलीत थोडा वेळ एकटं ठेवायचं आणि मग त्याचं माणूस परत आल्यावर ते कसं वागतं ते पाहायचं. जवळपास ६५ टक्के मांजरं माणूस दिसल्यावर निश्चिंत झाली आणि आसपास फिरून पाहू लागली. आईशी सुरक्षित नातं असलेली मुलंही साधारण अशीच वागतात. त्याच वर्षी जपानमध्ये आत्सुको साइतो यांच्या गटाने दाखवलं, की मांजराला स्वतःचं नाव इतर शब्दांपासून वेगळं ओळखता येतं. हाक मारल्यावर ते येईलच असं नाही, पण हाक त्याला कळलेली असते.

‘घरात गरोदर बाई आहे, मांजर काढून टाका’

सर्वांत जास्त मांजरं घराबाहेर काढणारा गैरसमज बहुधा हाच असावा. लेक बाळंतपणाला माहेरी येणार असते आणि आठ वर्षं घरात असलेलं मांजर आठवडाभरात ‘कुणाला तरी देऊन टाका’ असं होतं. भीतीमागे खरी गोष्ट आहे, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो. गरोदरपणात स्त्रीला त्याचा पहिल्यांदाच संसर्ग झाला, तर गर्भाला धोका असतो. एवढं खरं. आता पुढचं. मांजराला हा संसर्ग उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाल्ल्याने होतो. घराबाहेर न जाणाऱ्या, शिजवलेलं किंवा पाकिटातलं खाणाऱ्या मांजराला तो होण्याची शक्यता कमी. झालाच, तर त्याच्या विष्ठेतून परजीवीची अंडकोष्ठं बाहेर पडतात ती मुख्यतः त्या पहिल्या संसर्गानंतरचे एक ते तीन आठवडे. ताज्या विष्ठेतली अंडकोष्ठं लगेच संसर्ग करू शकत नाहीत, त्यासाठी त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे लिटरचा ट्रे रोज साफ केला, तर साखळी तिथेच तुटते. हे काम गरोदर स्त्रीने न करता घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. ते शक्यच नसेल, तर हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

माणसांना हा संसर्ग बहुतेक वेळा अर्धवट शिजलेलं मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतून होतो. मांजराला कुरवाळल्याने तो होत नाही. मांजर घराबाहेर काढून कोथिंबीर न धुता वापरणाऱ्या घराने धोका कमी केलेला नसतो. आधी संसर्ग होऊन गेला आहे का, हे रक्ततपासणीतून कळतं. ते स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारावं.

केस, दमा आणि रेबीज

मांजराचा केस पोटात गेला की गाठ होते किंवा मूल होत नाही, असं कित्येक घरांत ऐकायला मिळतं. याला काहीही आधार नाही. गिळलेला केस पचत नाही, तो शौचावाटे निघून जातो. अ‍ॅलर्जी मात्र खरी असते. ती केसामुळे नव्हे, तर मांजराच्या लाळेत आणि त्वचेत असणाऱ्या एका प्रथिनामुळे होते. ते प्रथिन केसांवर सुकतं आणि घरभर पसरतं. म्हणून ज्या घरात कुणाला दमा आहे, त्यांनी आधी फॉस्टरच्या घरी दोन-तीन वेळा जाऊन तासभर बसून पाहावं आणि डॉक्टरांशी बोलावं. अ‍ॅलर्जी तीव्र असेल, तर मांजर आणू नये. मदत करण्याचे इतर मार्ग आहेत.

रेबीजबद्दल उलटा गैरसमज आहे. तो फक्त कुत्र्यामुळे होतो, असं अनेकांना वाटतं. मांजरालाही रेबीज होऊ शकतो. मांजर चावलं किंवा त्याने ओरबाडून रक्त काढलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. घरातल्या मांजराला बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची लस द्यायचीच, मग ते घराबाहेर पडत नसलं तरी.

‘फुकटचं मांजर द्यायला इतके प्रश्न कशाला?’

दत्तक घ्यायला गेलेल्या माणसाला अर्ज भरावा लागतो, घराचे फोटो मागितले जातात, कधी कुणी घर पाहायला येतं आणि वर थोडं शुल्कही द्यावं लागतं. काहींना हा अपमान वाटतो. शुल्क हे मांजराची किंमत नसतं. लस, जंतांचं औषध आणि नसबंदी यांच्या खर्चातला तो काही भाग असतो. हीच कामं तुम्ही स्वतः करून घेतली, तर अनेकदा जास्त पैसे लागतील.

सर्वांत जास्त वाद होतो तो खिडकीच्या जाळीवरून. ‘मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर पडतं’, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. हवेत अंग वळवण्याची क्षमता मांजरात असते, आणि पिल्लात ती सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत पूर्ण येते. १९८७मध्ये न्यू यॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी तपासल्या. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. हा आकडा अजूनही दिलाशासाठी सांगितला जातो, पण त्यात एक मोठी मेख आहे. जी मांजरं पडल्या जागीच मेली, ती रुग्णालयात आणलीच जात नाहीत, म्हणून मोजली जात नाहीत. आणि वाचलेल्यांचंही काय झालेलं असतं? फुटलेला जबडा, फाटलेलं टाळू, दुखावलेली फुप्फुसं, मोडलेले पाय. मुंबई-पुण्याच्या टॉवरमध्ये कबुतरामागे झेपावलेलं मांजर खिडकीबाहेर जायला एक क्षण पुरतो. जाळी बसवल्याशिवाय मांजर न देणारी संस्था आडमुठी नाही. मी तर म्हणेन, जी संस्था जाळीबद्दल विचारतच नाही, तिच्याबद्दल शंका घ्यावी.

‘दूध-पोळीवर वाढतं मांजर’

आई सोडल्यानंतर बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, त्यांना जुलाब होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, ते प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं. टॉरिन कमी पडलं, की दृष्टी जाते आणि हृदय कमकुवत होतं. शाकाहारी घराला मांजर पाळता येतं, पण त्याला शाकाहारी करता येत नाही, आणि हे आणण्याआधीच ठरवायचं. घरात मांस शिजवायचं नसेल, तर पाकिटातलं संपूर्ण आहार असलेलं खाणं चालतं. कांदा-लसूण घातलेलं कालवण देऊ नये. आणि ताप आलाय असं वाटून पॅरासिटामॉल कधीच देऊ नये. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

‘एकदा तरी पिल्लं होऊ देत’

मांजरीला आई झाल्याने आरोग्याचा काही फायदा होत नाही. उलट २००५च्या एका अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये स्तनांच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला. मांजर चार-पाच महिन्यांचं झालं की माजावर येऊ शकतं, गर्भ सुमारे नऊ आठवडे राहतो, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. त्या पिल्लांना घरं कोण देणार, या प्रश्नाचं उत्तर आपल्या शहरांकडे आजही नाही. बोक्याची नसबंदी केली, तर लघवीचे फवारे मारणं, भांडणं आणि भटकणं बरंच कमी होतं. रस्त्यावरच्या एखाद्या मांजराच्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं, तर ती क्रूरता समजू नये. नसबंदीच्या वेळी, भूल दिलेली असतानाच केलेली ती खूण असते, म्हणजे त्याला पुन्हा पकडावं लागत नाही.

‘मासळी बाजारात सोडलं की खायला मिळतंच’

पोत्यात घालून खाडीपलीकडे किंवा मासळी बाजारात नेऊन सोडणं आपल्याकडे फार जुनं आहे. घरातलं मांजर तिथे काय करणार? त्या जागेवर आधीच दुसऱ्या मांजरांचा ताबा असतो, आणि तुमच्या मांजराला ना वाहनांची ओळख, ना कुत्र्यांची. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र आजही दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे, ही लाजेची गोष्ट आहे. प्राण्याला ठार मारणं किंवा अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सोसायटी मांजर पाळायला मनाई करते म्हणून ते सोडून द्यावं लागलं, असंही सांगितलं जातं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. ठराव बहुमताने झाला तरी नाही.

‘पिल्लू एकटं दिसलं, उचललं, म्हणजे वाचवलं’

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपण म्हणतो. ती खरोखरच जागा बदलते, आणि एकेक पिल्लू उचलून नेताना बाकीची एकटी दिसतात. पिल्लू धोक्यात नसेल, तर लांब उभं राहून काही तास वाट पाहावी. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकून देत नाही. आई आलीच नाही, तर आधी पिल्लाला ऊब द्यावी, कारण गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर ते दगावू शकतं. गायीचं दूध नको, पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणावी. आणि मग संस्थेला फोन करताना ‘येऊन घेऊन जा’ म्हणण्याऐवजी ‘पंधरा दिवस मी सांभाळतो, पुढचं घर शोधायला मदत करा’ म्हणून पाहा. उत्तर वेगळं येतं.

पैसे देता येत नसतील, तरी जुने टॉवेल, रद्दी, वापरात नसलेला कॅरियर, दवाखान्यापर्यंत गाडीची एक फेरी, यातलं काहीही कामाचं असतं. आपल्या गल्लीतल्या दोन मांजरींची नसबंदी करून घेणं तर फारच मोठं काम आहे. दत्तक घ्यायला गेलात, तर पिल्लं पाहण्याआधी विचारा, की तुमच्याकडे सर्वांत जास्त दिवस कोण राहिलंय. आणि त्याला भेटल्याशिवाय निघू नका.