पाणी बळी मागते काय? तलावांच्या भूतकथांमागील अर्थ



तलावाच्या काठी तिन्हीसांजेला उभे राहू नये, भर दुपारी एकट्याने पाण्यात उतरू नये, पाण्याकडून कोणी हाक मारल्यास ओ देऊ नये, अशी ताकीद आपणापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली असेल. कारण विचारले की उत्तर ठरलेले असे : “ते तळे दरसाल एक बळी घेते.” या समजुतीस केवळ अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, आणि तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणेही तितकेच सोपे आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही वाटा सोडून, या कथा कोठून आल्या, त्या काय सांगत होत्या आणि काय लपवीत होत्या, याचा थोडक्यात विचार करावयाचा आहे. आपल्या बडोदे शहरास हा विचार करण्याचे विशेष कारण आहे. ते लेखाच्या उत्तरार्धात येईल.

शीतला सप्तमीची कहाणी

मराठी घरांतून श्रावणात वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांत शीतला सप्तमीची कहाणी प्रसिद्ध आहे. एका राजाने गाव वसविले, जवळ तळे बांधले, परंतु काही केल्या तळ्यास पाणी लागेना. जलदेवतांची प्रार्थना केली असता त्यांनी राजाच्या सुनेचा वडील मुलगा बळी मागितला. राजाने सुनेला माहेरी धाडले आणि तिच्या पाठीमागे त्या बाळाला न्हाऊमाखू घालून, अंगावर दागिने लेववून तळ्यात ठेवविले. तळे भरले. पुढे सप्तमीच्या दिवशी सून भावासह परत येत असता त्याच तळ्याच्या काठी थांबली. तिने तळ्याची पूजा केली, काकडीच्या पानावर दहीभात ठेवला आणि आपल्या वंशात कोणी पाण्यात बुडाले असेल तर ते परत मिळावे, अशी प्रार्थना केली. आपले मूल त्याच पाण्याखाली आहे, हे तिला ठाऊक नव्हते. प्रार्थना संपते तोच मुलाने तिचे पाय धरले.

आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे श्रावण वद्य पक्षात शीतळा सातम पाळतात. त्या दिवशी चूल पेटवीत नाहीत व आदल्या दिवशीचे शिळे अन्न ग्रहण करतात. बडोद्यातील मराठी घरांना हे दोन्ही आचार परिचित आहेत. मात्र मराठी कहाणीचा गाभा चूल हा नसून तळे हा आहे, आणि तळ्यापेक्षाही त्यात बुडालेले बालक हा आहे.

गुजरातभूमीतील बळींच्या कथा

अशीच कथा वढवाण येथील माधा वावेची सांगतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या पायऱ्यांच्या विहिरीस बारा वर्षे पाणी लागले नाही, तेव्हा एक नवविवाहित जोडपे तिच्या पायऱ्या उतरून गेले आणि पाणी वर आले, असा लोकसमज आहे. पाटणच्या सहस्रलिंग तलावाविषयी तर दोन कथा आहेत. बाराव्या शतकात सिद्धराज जयसिंहाने बांधविलेल्या या तलावाच्या कामावर आलेल्या ओड समाजातील जसमा हिच्यावर राजाची वाईट नजर गेली. तिने प्राणत्याग करताना, तलावात पाणी राहणार नाही, असा शाप दिला. पुढे अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातील माया नावाच्या तरुणाने आत्मबलिदान केल्यावर तो शाप निवाला. मृत्यूपूर्वी त्याने स्वतःसाठी काही न मागता आपल्या समाजाच्या अंगावरील अपमानकारक निर्बंध दूर करण्याची मागणी केली, असे परंपरा सांगते. वीर मेघमाया म्हणून आजही त्याचे पूजन होते.

या सर्व कथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. पाण्याने मागितलेला बळी राजा स्वतः कधीच झालेला नाही. बळी गेले ते मूल, सून, मजूर स्त्री आणि गावकुसाबाहेरचा तरुण. तळे बांधण्याचा निर्णय एकाचा, आणि प्राण दुसऱ्याचे.

आसरा आणि गिऱ्हा

महाराष्ट्रात नदी, विहीर वा तळ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात लहान दगड अनेक ठिकाणी दिसतात. त्या साती आसरा होत. ‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’ या शब्दापासून आला, आणि अप्सरा म्हणजे ‘अप्’ अर्थात पाणी, त्यात संचार करणारी. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी अशी त्यांपैकी काहींची नावे सांगतात. मासा, कासव, खेकडा, बेडूक व मगर या जलचरांवरून ती आलेली आहेत. हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या, खण व दहीभात देऊन त्यांची ओटी भरतात. त्या प्रसन्न असता पाणी राखतात व कोपल्या असता माणसाला ‘लागतात’, अशी श्रद्धा आहे.

कोकणात बुडून मेलेल्याच्या भुतास गिऱ्हा म्हणतात. तो वाटसरूस भुलवून खोल पाण्यात नेतो, असा समज आहे. मुंबई इलाख्यातील अशा समजुती ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून गोळा करविल्या होत्या. नाशिक येथे १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांच्या गोळीस बळी पडलेले कलेक्टर ते हेच. त्यांच्या पश्चात आर. ई. एन्थोवेन यांनी ती माहिती गुजरात व कोकण अशा दोन भागांत प्रसिद्ध केली. आज त्या समजुती आपल्याला वाचता येतात याचे श्रेय खेड्यापाड्यांतील त्या शिक्षकांनाही द्यावयास हवे.

येथे एक कटू गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. विहिरीतील वा तळ्यातील भूत बहुधा स्त्रीचे असते. ती तेथे कशी आली, पाय घसरून की सासुरवासाने, स्वतः गेली की कोणी लोटले, हे कथा विचारीत नाही. गावाने जे चावडीवर बोलले नाही, ते भूत होऊन काठावर उभे राहिले, एवढेच म्हणता येते.

यक्षाचा तलाव

तलावावरील अदृश्य वाणीची सर्वांत थोर कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. तहानलेले चार पांडव एकामागून एक सरोवरावर गेले. “आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे दे, मग पाणी पी,” या अर्थाची सूचना प्रत्येकास ऐकू आली. तहानेच्या भरात तिची उपेक्षा करून ते पाणी प्याले आणि गतप्राण झाले. धर्मराज मात्र थांबला. त्याने उत्तरे दिली आणि भावांचे प्राण परत मिळविले. प्रतिदिनी माणसे मरताना दिसत असूनही उरलेल्यांना आपण चिरंजीव आहोत असे वाटते, हेच सर्वांत मोठे आश्चर्य, हे त्याचे उत्तर सर्वश्रुत आहे. पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या प्रत्येक निष्काळजी माणसास ते लागू पडते.

समजुतींमागील निरीक्षण

आता या भयकथांत निरीक्षण किती होते ते पाहू. बुडणारा माणूस चित्रपटात दाखवितात तसा ओरडत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला आवाज काढण्यास अवसरच मिळत नाही, आणि बहुधा मिनिटभराच्या आत तो निःशब्दपणे दिसेनासा होतो. काठावरच्यास वाटते, कोणी तरी खालून ओढून नेले. त्याला वाचविण्यास उडी घेणाऱ्यास तो प्राणांतिक भीतीने मिठी मारतो आणि दोघेही जातात. ‘बुडालेला दुसऱ्याला नेतो’ ही समजूत अशा प्रकारे शब्दशः डोळ्यांनी पाहिलेली आहे. पायास विळखा घालणारा हात म्हणजे पाणवनस्पती व गाळ. पायरीवरून लोटणारी शक्ती म्हणजे शेवाळ. बुडालेला देह प्रथम तळाशी जातो आणि आत वायू साठल्यावर काही दिवसांनी वर येतो. ‘तळ्याने प्रेत परत दिले’ असे म्हणतात ते यावरून. दलदलीवर क्वचित दिसणारा फिकट उजेड हा कुजणाऱ्या पदार्थांतून निघणाऱ्या वायूंशी संबंधित मानला जातो. तो नेमका कसा पेटतो याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप चर्चा आहे.

भर दुपार व तिन्हीसांज या वेळाच भुतांच्या का, याचेही उत्तर कठीण नाही. या वेळी काठावर माणूस नसतो. एकटा बुडाला तर त्यास काढणार कोण? मुलास ही सर्व कारणे समजावून सांगणे शक्य नव्हते. ‘तेथे आसरा आहेत’ हे तीन शब्द पुरत. ज्या तळ्यास कठडा नव्हता, त्या तळ्यास भीतीचा कठडा होता.

बडोद्याचे तलाव

आपल्या शहराच्या मध्यभागी असलेला सुरसागर पूर्वी चांद तलाव म्हणून ओळखला जाई. अठराव्या शतकात त्याचे काठ दगडांनी बांधून काढण्यात आले. आज त्याच्या मधोमध शंभर फुटांहून उंच अशी शंकराची मूर्ती उभी आहे. श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत आजवा येथे जलाशय बांधून १८९२ मध्ये शहरास नळाने पाणी देण्यात आले. हे फार मोठे लोकोपकारी कार्य होते. परंतु घरात नळ आल्यावर तलावावर रोज जाणे संपले, आणि कोठे खोल आहे, कोणती पायरी निसरडी आहे, हे पिढीजात ज्ञानही हळूहळू गेले. भीतीच्या कथा तेवढ्या उरल्या, त्याही करमणुकीपुरत्या.

कथांची भीती गेली, पण तिच्या जागी दुसरा कठडा उभा राहिला नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये सुरसागरात सहलीची नाव उलटून २२ जणांचे प्राण गेले. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती. या प्रकरणी महानगरपालिकेचे उत्तरदायित्व सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८ जानेवारी २०२४ रोजी, हरणी येथील मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्यू पावल्या. याही नावेत क्षमतेहून अधिक जण होते आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. शहराचे रक्षण करणाऱ्या नवनाथ शिवस्थानांपैकी मोटनाथ महादेवाचे स्थान त्याच परिसरात आहे.

दोन घटनांत ३० वर्षांचे अंतर आहे, आणि कारण एकच आहे. येथे कोणी आसरा नव्हती, गिऱ्हा नव्हता, शाप नव्हता. नावेत किती माणसे बसवावीत, हा हिशेब होता आणि तो चुकविला गेला.

उपसंहार

भूतकथांनी आपल्या पूर्वजांची मुले वाचविली, हे मान्य करावे लागेल. त्याच भूतकथांनी दोषी माणसांनाही वाचविले, हेही मान्य करावे लागेल. ‘तळ्याने बळी घेतला’ असे म्हटले की कठडा कोणी बांधला नाही, नाव कोणी भरली, सुनेला कोणी छळले, हे प्रश्न मिटतात. म्हणून पाणी बळी मागते काय, या शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. पाणी काहीही मागत नाही. बळी देतो तो माणूस, आणि तोही बहुधा दुसऱ्याच्या मुलाचा.

शीतला सप्तमीच्या कहाणीत मूल परत आले. प्रत्यक्षात ते येत नाही. तेव्हा त्या सुनेची प्रार्थना आपण आधीच कृतीत आणावी, हेच तिचे खरे व्रत होय. याकरिता भाविकांना नम्र विनंती :

१. विसर्जन, पर्वस्नान वा दीपदानाच्या वेळी मुलांचा हात सोडू नये, आणि नेमलेल्या स्वयंसेवकांखेरीज कोणीही खोल पाण्यात उतरू नये.

२. नावेत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्यावे. ते नसल्यास, अथवा नाव भरलेली असल्यास, बसू नये. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

३. कोणी बुडताना दिसल्यास एकदम उडी न घेता दोर, काठी, साडी वा रिकामा डबा त्याच्याकडे टाकावा आणि मदतीस हाक मारावी.

४. विश्वामित्री नदी व आजवा जलाशय येथे मगरींचा वास आहे. खोडियार मातेचे वाहन म्हणून मगरीस अवश्य नमस्कार करावा, परंतु तो दुरून.

५. आजीने सांगितलेली तळ्याची गोष्ट मुलांना जरूर सांगावी, आणि ती संपल्यावर त्यांना पोहण्यासही शिकवावे.

आसरांच्या सात दगडांपुढे दहीभात ठेवणाऱ्या मातांना पाण्याचे भय होते, त्याहून अधिक मुलांची काळजी होती. भय गेले तरी चालेल. ती काळजी आपल्या हातून सुटू नये, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥