कैद्याचा दावा आणि खर्चाचा बोजा

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडीं आहे. तिच्या पोटीं जें भय आहे तें न्यायाचें नव्हे, खर्चाचें आहे. मग ज्याच्या हातीं मुळांतच कांहीं नाहीं, ज्याचें हिंडणेंफिरणें, मिळकत व पत्रव्यवहार हीं सारीं दुसऱ्याच्या ताब्यांत आहेत, अशा कैद्यानें तुरुंगाच्या अधिकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला, तर त्याचा खर्च कोणीं सोसावा? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न बरींच वर्षें वादाचा झाला असून २०१८ सालीं तो तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आज त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

खर्च म्हणजे दोन गोष्टी, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. एक कोर्टाची फी, नकला, साक्षीदारांचा भत्ता वगैरे किरकोळ खर्च. आणि दुसरी वकिलाची फी. आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी काम चालविण्याच्या कायद्याच्या ३५ व्या कलमानें खर्चाचा निर्णय न्यायाधीशाच्या विवेकावर सोंपविला आहे. तरी सामान्य रीत अशी कीं, हरणारानें जिंकणाराचा खर्च द्यावा. आणि न्यायाधीशाला तसें करावयाचें नसेल, तर त्यानें त्याचीं कारणें लिहून ठेवावीं. अमेरिकेची रीत याहून निराळी आहे. तेथें किरकोळ खर्च बहुधा हरणारावर बसतो. पण वकिलाची फी मात्र जिंको वा हरो, ज्याची त्यानें सोसावयाची. सर्वोच्च न्यायालयानें १९७५ सालीं हाच नियम पुन्हां एकदां ठामपणें सांगितला.

या नियमाचा जाच कोणास होतो, हें उघड आहे. सरकारी अधिकाऱ्यानें नागरिकाचा मूलभूत हक्क तुडविला, पण नुकसान पैशांत थोडें भरलें, तर असा दावा कोणता वकील हातीं घेईल? ही अडचण ओळखून अमेरिकेच्या काँग्रेसनें १९७६ सालीं कायदा केला. नागरी हक्कांच्या दाव्यांत वादी जिंकला, तर त्याच्या वकिलाची वाजवी फी प्रतिवादीकडून देवविण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. या सवलतीचा फायदा कैद्यांसही होऊं लागला.

पुढें कैद्यांचे दावे फार वाढले आणि त्यांतले पुष्कळसे पोरकट असतात, अशी ओरड सुरू झाली. एका कैद्यानें म्हणे शेंगदाण्याचें लोणी मऊसूत न मिळतां रवाळ मिळालें म्हणून सरकारावर दावा केला! ही कथा सर्वत्र सांगितली जाऊं लागली. न्यूमन नांवाच्या न्यायाधीशांनीं मूळ कागद काढून पाहिले, तेव्हां निराळीच हकीकत निघाली. कैद्यानें तो चुकीचा डबा परत दिला होता. बदली डबा त्याला मिळालाच नाहीं, आणि अडीच डॉलर मात्र त्याच्या खात्यांतून वळते झाले. रक्कम क्षुल्लक खरी. पण तक्रार चवीची नव्हती, न मिळालेल्या मालाच्या पैशांची होती. असो. १९९६ सालीं काँग्रेसनें कैद्यांच्या दाव्यांना आळा घालणारा कायदा मंजूर केला. निरर्थक दाव्यांनीं न्यायालयें तुंबूं नयेत, हा हेतु कोणासही पटेल. पण त्यासाठीं वापरलेलें साधन खर्चाचें होतें.

त्या साधनाच्या दोन बाजू आहेत. पहिली बाजू दावा लावतांना दिसते. गरीब कैद्यालाही फीची माफी नाहीं. सवलत आहे ती हप्त्यांची. जिल्हा न्यायालयाची ३५० डॉलरची फी त्याच्या तुरुंगांतील खात्यांतून दरमहा मिळकतीच्या शेंकडा २० प्रमाणें कापून घेतात. ज्याच्या खात्यांत महिना ३० डॉलर जमतात, त्याचे ६ डॉलर जातात. म्हणजे फी फिटावयास जवळजवळ पांच वर्षें लागतात. केंद्र सरकारच्या तुरुंगांत नेहमींच्या कामाची मजुरी तासाला ४० सेंटांच्या वर जात नाहीं, आणि कांहीं राज्यांत तर कामाला मोबदलाच नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या हप्त्याचें वजन कळेल. दोन दावे असतील तर शेंकडा २० दोनदां कापावे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं एकमतानें ठरविलें. शिवाय दावा हरल्यावर प्रतिपक्षाचा खर्च त्याच्यावर बसविला, तर तोही याच रीतीनें वसूल होतो.

दुसरी बाजू दावा जिंकल्यावर दिसते, आणि ती अधिक विचार करण्यासारखी आहे. पैशांची भरपाई मिळालेल्या दाव्यांत वकिलाच्या फीपैकीं प्रतिवादीकडून मिळणारी रक्कम भरपाईच्या दीडपटीहून अधिक असतां कामा नये. हक्क मोडला हें सिद्ध झालें, पण पंचांनीं नाममात्र एक डॉलर भरपाई दिली, तर वकिलास दीड डॉलर; आणि असे निकाल खरोखरच झाले आहेत. त्यापुढें कायदा म्हणतो कीं, कैद्याच्या भरपाईचा शेंकडा २५ हून अधिक नसलेला भाग या फीकडे लावावा व उरलेली फी प्रतिवादीनें द्यावी.

‘शेंकडा २५ हून अधिक नसलेला’ या शब्दांवरच ‘मर्फी विरुद्ध स्मिथ’ हा खटला लढला गेला. इलिनॉय राज्याच्या एका तुरुंगांत २०११ सालीं पहारेकऱ्यांनीं एका कैद्यास मारलें. त्याच्या डोळ्याच्या खोबणीचें हाड मोडलें व शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या बाजूनें ३,०७,७३३ डॉलरचा हुकूमनामा झाला आणि वकिलांची फी १,०८,४४६ डॉलर ठरली. खालच्या न्यायाधीशांनीं कैद्याच्या रकमेंतून शेंकडा १० घ्यावे व बाकीची फी प्रतिवादींनीं द्यावी, असें ठरविलें. वरिष्ठ न्यायालय म्हणालें, दहा नव्हे, पुरे पंचवीस! म्हणजे कैद्याचे ७६,९३३ डॉलर जाणार आणि मारणाऱ्यांच्या वाट्यास फीपैकीं केवळ ३१,५१३ येणार.

फेब्रुवारी २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें चारांविरुद्ध पांच मतांनीं हेंच कायम केलें. न्यायमूर्ति गॉर्सच यांचें म्हणणें असें कीं, फी ‘फेडण्यासाठीं’ रक्कम लावावयाची, तर ती फिटेपर्यंत किंवा पंचविसाची मर्यादा गांठेपर्यंत लावलीच पाहिजे. कमी करण्याची मुभा न्यायाधीशास नाहीं. न्यायमूर्ति सोतोमायोर यांनीं विरुद्ध मत लिहिलें: मर्यादा घालणें निराळें आणि तेवढी रक्कम घ्याच म्हणणें निराळें, अमुकाहून अधिक नको म्हटलें, तर त्याहून कमी घेण्याची मोकळीक त्यांत गृहीतच आहे.

वाद व्याकरणाचा दिसतो. पण न्यायाधीशाच्या हातून काय गेलें तें पाहा. अपराध क्रूर होता कीं किरकोळ, हें पाहून खर्चाची वांटणी करण्याची जी सत्ता त्याला असावयाची, ती राहिली नाहीं. आतां फी मोठी असली म्हणजे पाव भाग जखमीनेंच द्यावयाचा, मग जखम कशीही असो.

आपण यावरून स्वतःकडेही पाहावें. आपल्या कायद्यांत नादारास फी न भरतां दावा लावतां येतो. परंतु तो जिंकला तर दाव्यांत मिळालेल्या मालमत्तेवर त्या फीसाठीं पहिला बोजा सरकारचा असतो, आणि हरला तर ती फी त्यानेंच भरावयाची असते. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें मात्र कोठडींतील प्रत्येक माणसास, त्याची मिळकत न पाहतां, मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे, ही चांगली गोष्ट होय.

निकालपत्रांत खर्चाचा हुकूम शेवटच्या ओळींत असतो व वाचणारा तेथवर बहुधा पोंचत नाहीं. वकील मात्र तीच ओळ आधीं वाचतो. कैद्याचा पुढचा दावा हातीं घ्यावा कीं नाहीं, हें तो तिच्यावरूनच ठरवितो. म्हणून तुरुंगाच्या भिंतींआड कायदा कितपत पोंचतो हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें हक्कांच्या यादीबरोबर ही ओळही अवश्य वाचावी.